गिटार न येणाऱ्याची गिटार

गणेशोत्सवाच्या मांडवात ऑर्केस्ट्रा ऐकायला बसलेल्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. निवेदक पुढच्या गाण्याची प्रस्तावना करतो आहे, गायिका माइकपाशी येऊन उभी आहे आणि मागच्या रांगेतला गिटारवाला मान खाली घालून गिटारच्या पोटावरची दोन-तीन बटणे पाव-अर्धा वळसा फिरवतो आहे. श्रोत्यांचे तिकडे लक्ष नसते. पण गाणे सुरू होते तेव्हा मघाचा टोचणारा आवाज गोल आणि मऊ झालेला असतो. गिटार तीच, तारा त्याच, वाजवणाराही तोच. बदलली असते ती फक्त बटणांची जागा.

ही बटणे किती असावीत, कोणत्या बटणाने काय करावे आणि एका बटणाने दुसऱ्याच्या कामात किती ढवळाढवळ करावी, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नांवर एका माणसाने आयुष्याची पंचेचाळीस वर्षे खर्ची घातली. लिओ फेंडर हे त्याचे नाव. जगातल्या असंख्य गिटारींच्या माथ्यावर आजही ते झळकते. आणि हा माणूस स्वतः गिटार वाजवायला कधीच शिकला नाही!

संत्र्यांच्या बागेतला मुलगा

क्लॅरन्स लिओनिडास फेंडर या भारदस्त नावाच्या मुलाचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी कॅलिफोर्नियात, अ‍ॅनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या परिसरात झाला. आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. या जिल्ह्याचे नावच मुळी ऑरेंज. लहानपणी, आठेक वर्षांचा असताना, एका आजारात लिओचा डावा डोळा गेला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवावा लागला. या डोळ्यामुळेच पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतले नाही.

लिओच्या मामाचे मोटारींच्या विजेच्या कामाचे दुकान होते. तेरा-चौदा वर्षांच्या भाच्याला त्याने मोटारीच्या जुन्या विजेच्या सामानाने भरलेले एक खोके पाठवले. पुढे लिओ मामाकडे गेला, तेव्हा दुकानात मामाने सुट्या भागांतून जुळवलेला रेडिओ खणखणीत आवाजात वाजत होता. त्या आवाजाने मुलाला झपाटले ते कायमचे. शाळेत असतानाच तो घरच्या घरी रेडिओ दुरुस्त करू लागला.

पण वेड एकीकडे आणि पोट दुसरीकडे, हा अनुभव आपल्याकडच्या मध्यमवर्गालाही नवा नाही. कॉलेजात लिओने विषय घेतला तो हिशेबाचा. इलेक्ट्रॉनिक्सचे रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतले नाही. आधी एका बर्फाच्या आणि शीतगृहाच्या कंपनीत, मग राज्याच्या महामार्ग विभागात आणि त्यानंतर टायरच्या एका कंपनीत त्याने हिशेबनीस म्हणून खर्डेघाशी केली. १९३४ मध्ये एस्थर क्लोस्की हिच्याशी लग्न झाले. महामंदीचे दिवस होते. नोकरी सुटली. अखेर १९३८ मध्ये ६०० डॉलरचे कर्ज काढून त्याने फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले.

असे दुकान एके काळी आपल्या प्रत्येक गावात असे. पोट उघडे पडलेले रेडिओ, तारांची भेंडोळी, सोल्डरिंगचा वास आणि या सगळ्यात डोके घालून बसलेला अबोल मालक. लिओचे दुकान याच धर्तीचे होते. फरक इतकाच की, तिथे रेडिओबरोबर गावोगावच्या नाचगाण्याच्या जलशांत वाजवणारे वादकही आपले बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येत. वस्तू दुरुस्त होईपर्यंत ते तक्रारी सांगत बसत. आवाज पुरत नाही, वाढवला तर शिट्टी वाजते, खर्जाचे सूर घुमतात, वरचे कानाला चावतात. लिओला संगीतातले फार कळत नव्हते. शाळेत थोडे पियानो आणि सॅक्सोफोन शिकला होता, तेवढेच. पण तक्रार कळत होती. वादकाची तक्रार ऐकायची आणि तिचे भाषांतर तारा, कंडेन्सर आणि बटणे यांच्या भाषेत करायचे, हीच त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची रीत ठरली.

गिटारच्या पोटात

१९४५ मध्ये डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर लिओने मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि त्यांचे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी कॉफमन बाजूला झाला. लिओ मात्र हटला नाही. फेंडर इलेक्ट्रिक इन्स्ट्रुमेंट कंपनी उभी राहिली. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन हा तरुण कामाला आला. गावाचे आणि त्याचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग. दोघांची जोडी पुढे लिओच्या अखेरपर्यंत टिकली.

१९५० साली या कारखान्यातून एक गिटार बाहेर पडली. तिला पोकळ पोट नव्हते. अंग म्हणजे लाकडाची सपाट फळी आणि तिला स्क्रूने जोडलेली मान. तिचे नाव ब्रॉडकास्टर. पण ग्रेट्श कंपनी जवळपास याच नावाचे ड्रम विकत होती. १९५१ च्या आरंभी तिने हरकत घेतली. लिओच्या माणसांनी काय करावे? गिटारच्या माथ्यावर लावायच्या छापील पट्टीतून त्यांनी ब्रॉडकास्टर हा शब्दच कापून टाकला आणि नुसत्या फेंडर नावाने गिटारी विकल्या. काही महिन्यांत नवे नाव ठरले, टेलिकास्टर. ही हरकतीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिचा दुसरा अंक पस्तीस वर्षांनी झाला.

आता थोडे या गिटारच्या पोटात शिरू. घाबरण्याचे कारण नाही. घरचा रेडिओ ज्याने कधी उघडून पाहिला असेल, त्याला हे सहज समजेल.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची वस्तू असते. चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, एवढेच तिचे स्वरूप. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण वीज उमटते. तीच पुढे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. पिकअप कुठे बसवला आहे यावर आवाजाचा पोत ठरतो. तार जिथे टेकलेली असते त्या घोडीजवळचा पिकअप धारदार, चमकदार आवाज देतो आणि मानेजवळचा गोल, भरीव. म्हणून एकाच गिटारला दोन किंवा तीन पिकअप लावण्याची कल्पना निघाली. एका वाद्यात दोन-तीन गळे!

आवाजाचे बटण म्हणजे तीन पायांचा एक साधा भाग. एका टोकाला पिकअपची वीज येते, दुसरे टोक जमिनीला, म्हणजे अर्थिंगला जोडलेले असते आणि मधला पाय बटणाबरोबर या दोन टोकांमध्ये सरकतो. फेंडरच्या गिटारींत हा भाग बहुधा अडीच लाख ओहमचा असे. टोनचे बटण यापेक्षा चतुर. त्याच्याबरोबर एक कंडेन्सर असतो. वरच्या पट्टीतले तीक्ष्ण ध्वनी तेवढे तो हळूच जमिनीत सोडून देतो आणि मागे मऊ आवाज उरतो.

गळे दोन झाले की खरी पंचाईत सुरू होते. दोघांना स्वतंत्र बटणे दिली तरी शेवटी दोघांची वीज एकाच तारेने बाहेर पडते. आणि आवाजाचे बटण हा काही नळ नव्हे. ती खरे तर मोरी आहे. बटण शून्यावर नेले की मधला पाय थेट जमिनीला टेकतो. बाहेर जाणारी तार याच मधल्या पायाला जोडलेली असेल, तर एका पिकअपचे बटण बंद करताच दुसऱ्याचीही वीज त्याच मोरीतून वाहून जाते. एकाला गप्प करायला जावे तर दोघेही मुके! १९५२ मध्ये गिब्सन कंपनीने आपल्या लेस पॉल गिटारला दोन पिकअप आणि प्रत्येकाला आवाज व टोनचे वेगळे बटण, अशी चार बटणे दिली. तिथे दोन्ही पिकअप एकत्र लावले की नेमकी हीच गंमत होते.

एकेका बटणाची कथा

लिओने या प्रश्नाला एकदाच उत्तर देऊन विषय संपवला नाही. पहिल्या टेलिकास्टरला दोन पिकअप आणि दोनच बटणे होती. एक आवाजाचे. दुसरे मिश्रणाचे, घोडीजवळच्या पिकअपमध्ये मानेजवळचा किती मिसळायचा हे ठरवणारे. स्वयंपाकात मीठ बेताने घालावे तसे. कल्पना छान होती, पण टोनचे खरे बटण त्यात नव्हते. १९५२ मध्ये लिओने मिश्रणाचे बटण काढून तिथे टोनचे बसवले.

१९५३ मध्ये हवाईत जन्मलेला स्टील गिटारवादक फ्रेडी टव्हारेस कारखान्यात आला. बिल कार्सनसारखे वादक नव्या नमुन्यांवर हात चालवून दोष सांगत. टेलिकास्टरच्या कडा बरगडीत रुततात, ही त्यांतलीच एक तक्रार. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर म्हणूनच अंगाला लगटून बसेल अशी घडली. तिला तीन पिकअप होते आणि बटणेही तीन. हिशेब मात्र सरळ नव्हता. एक बटण तिन्ही पिकअपच्या आवाजाचे, दुसरे मानेजवळच्या पिकअपच्या टोनचे, तिसरे मधल्याच्या टोनचे. घोडीजवळच्या पिकअपला टोनचे बटणच नाही! तो आपला कायम धारदार.

निवडीची कळ तीन जागांची होती, एका वेळी एक पिकअप. पण वादकांनी ती दोन जागांच्या मधोमध अडकवून ठेवायची युक्ती शोधली. दोन पिकअप एकत्र वाजू लागले आणि एक वेगळाच नितळ आवाज हाती आला. हा आवाज कोणी आखलेला नव्हता. १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांची कळ बसवून त्याला रीतसर मान्यता दिली. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्सच्या गळ्यात होती ती हीच गिटार.

१९५८ च्या जॅझमास्टरमध्ये लिओने आणखी एक पाऊल टाकले. मानेजवळच्या पिकअपसाठी आवाज आणि टोन यांची वेगळीच व्यवस्था वरच्या बाजूला लपवली आणि एक सरकती कळ दिली. साथीचा मऊ आवाज आधीच लावून ठेवायचा आणि एकल वादनाची वेळ आली की एका बोटाने दुसऱ्या आवाजावर जायचे. नावाप्रमाणे ती जॅझवाल्यांसाठी होती. पण जॅझवाल्यांनी ती फारशी जवळ केली नाही. ती उचलली कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पोरांनी, सर्फ संगीतासाठी.

आणि मग आला १९६० चा जॅझ बेस. त्याआधी १९५१ मध्ये लिओने प्रिसिजन बेस काढून माणसाएवढ्या उंचीचे खर्जाचे वाद्य खांद्यावर अडकवण्याजोगे केले होते. जॅझ बेसला दोन पिकअप होते आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज व स्वतःचा टोन. चार बटणांची गर्दी नको म्हणून एका बटणावर दुसरे, अशी दुमजली बटणे बसवली. एकाच्या टोनने दुसऱ्याला छळू नये, म्हणून वाटेत रेझिस्टन्स घातले. पिकअपना पुरते स्वातंत्र्य मिळाले.

पण स्वातंत्र्याची किंमत असते. या रेझिस्टन्समध्ये दोन्ही पिकअपचा थोडा थोडा जोर वाया जातो. शिवाय अंधाऱ्या रंगमंचावर, गाणे चालू असताना, दुमजली बटणाचा नेमका मजला बोटांनी शोधणे सोपे नाही. सुमारे दोन वर्षांत लिओच्या कारखान्याने ही व्यवस्था मोडली. १९६२ पासून जॅझ बेसवर तीन साधी बटणे आली. दोन पिकअपचे दोन आवाज आणि दोघांत मिळून एक टोन. जोडणीत एक छोटी अदलाबदल होती. पिकअपची तार मधल्या पायाला आणि बाहेर जाणारी तार टोकाच्या पायाला. झाले! आता एक बटण शून्यावर नेले तर ते फक्त आपल्या पिकअपला मोरीत सोडते, दुसरा निर्धास्त गात राहतो. बटण खाली आणताना आवाज थोडा बोथट होतो, हा तोटा आहे. पण तो परवडणारा.

या अदलाबदलीचे चीज कसे झाले हे पाहायचे तर जॅको पास्टोरियसकडे वळावे लागते. १९५१ मध्ये जन्मलेला आणि १९८७ मध्ये अकालीच गेलेला हा अमेरिकन वादक १९६२ चा जॅझ बेस वाजवत असे. घोडीजवळचा पिकअप पुढे आणि मानेजवळचा मागे, या मांडणीतून त्याने बेसला गायला लावले. तोवर मागे उभे राहून ठेका धरणारे ते वाद्य मैफलीच्या पुढे आले. एक पिकअप दुसऱ्याला न बुडवता मागे घेता येतो, ही सोय एका कलावंताच्या हाती पडल्यावर काय होते, त्याचा हा नमुना.

हातातून गेलेले नाव

कारखाना भरभराटीला आला होता, पण मालकाची प्रकृती साथ देत नव्हती. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून लिओला सायनसच्या जंतुसंसर्गाने पछाडले होते. तो काही केल्या बरा होईना. आपले दिवस भरत आले, अशी त्याची समजूत झाली. आवराआवर करावी म्हणून जानेवारी १९६५ मध्ये त्याने आपली कंपनी रेडिओ-टीव्ही क्षेत्रातल्या बलाढ्य सीबीएसला विकली. किंमत १ कोटी ३० लाख डॉलर. त्याच सुमारास सीबीएसने न्यूयॉर्क यांकीज या विख्यात बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता, तो १ कोटी १२ लाखांना. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून निघालेला माणूस इथवर पोहोचला होता.

आणि मग नियतीने आपला खेळ दाखवला. थोड्याच वर्षांत एका नव्या डॉक्टरने जोरदार प्रतिजैविके दिली आणि लिओ खडखडीत बरा झाला! मरणाच्या तयारीने सगळे विकून बसलेल्या माणसापुढे आता पंचवीस वर्षांचे आयुष्य उभे होते. हाताशी पैसा होता. नव्हते ते फक्त स्वतःचे नाव. ते करारानुसार दुसऱ्याच्या मालकीचे झाले होते आणि काही वर्षे स्पर्धेत उतरायलाही बंदी होती.

दुसरा कोणी असता तर नौकाविहार करत राहिला असता. लिओला नौकांची हौसही होती. पण कामाच्या टेबलापासून लांब राहणे त्याला जमेना. बंदीची मुदत सरली आणि तो जुन्या सहकाऱ्यांच्या म्युझिक मॅन या कंपनीत उघडपणे सामील झाला. १९७६ चा स्टिंगरे बेस तिथला. त्यात छोटी बॅटरी होती आणि खर्ज व तार सप्तकातले सूर नुसते कमी नव्हे, वाढवताही येत. १९७९ मध्ये एस्थर गेली. १९८० मध्ये लिओने फिलिसशी दुसरे लग्न केले. याच सुमारास जॉर्ज फुलर्टनबरोबर नवी कंपनी सुरू झाली. तिचे नाव जी अँड एल, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. आडनाव वापरता येत नव्हते, तेव्हा आद्याक्षरावर भागवले.

इथे त्याने बटणांचा जुना प्रश्न पुन्हा हाती घेतला. तीन पिकअपच्या एस-५०० गिटारला आवाजाचे एक, तीक्ष्ण सूर कमी करणारे एक आणि खर्ज कमी करणारे एक, अशी तीन बटणे दिली. टोनची दोन्ही बटणे तिन्ही पिकअपना सारखीच लागू. १९५४ मध्ये घोडीजवळचा जो पिकअप टोनवाचून राहिला होता, त्याला जवळपास तीस वर्षांनी न्याय मिळाला. आपल्याच सर्वांत गाजलेल्या गिटारमधली उणीव भरून काढायला सत्तरी ओलांडलेला माणूस बसतो, ही गोष्ट साधी नाही.

आणि हरकतीचा दुसरा अंक? १९८५ मध्ये जी अँड एलने एक नवी गिटार काढली आणि लिओने तिला पहिल्या लेकीचे नाव दिले, ब्रॉडकास्टर. या वेळी हरकत घेतली ती फेंडर कंपनीने! त्याच वर्षी ती सीबीएसकडून तिथल्याच अधिकाऱ्यांच्या आणि गुंतवणूकदारांच्या हाती आली होती. लिओ फेंडरला फेंडर कंपनीपुढे नमते घ्यावे लागले. गिटारचे नाव बदलून असॅट केले गेले. पण गिटार बनवणे थांबले नाही.

उतारवयात कंपवाताने त्याला गाठले. बारीक तारांना डाग देणाऱ्या माणसाला यासारखी दुसरी शिक्षा नसेल. तरी तो कारखान्यात जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी, ८१ व्या वर्षी, लिओ फेंडर गेला. पुढच्या वर्षी रॉक अँड रोलच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव कोरले गेले. एक सूरही न वाजवता.

गिटार येत नव्हती हे लिओचे वैगुण्य होते का? मला तसे वाटत नाही. त्याला वाजवता आले असते तर त्याने कदाचित स्वतःच्या आवडीचा एक आवाज पक्का केला असता आणि तोच खरा, असे जगाला सांगितले असते. येत नसल्यामुळे त्याला दर वेळी विचारावे लागले. वादकाने सांगितले म्हणून बटण लावले, जड झाले म्हणून काढले, पुन्हा वेगळे लावून पाहिले. आपल्या घरांतही, कार्यालयांतही, दुसऱ्याच्या वतीने ठरवणारे पुष्कळ असतात. विचारणारे थोडे.

फुलर्टनच्या जी अँड एल कारखान्यात लिओची कामाची खोली त्याच्या मागे जपून ठेवली गेली. टेबल, अवजारे, अर्धवट राहिलेल्या वस्तू. यंदाच्या गणेशोत्सवात गिटारवाल्याने मान खाली घालून बटण फिरवलेले दिसले, तर गाणे सुरू होण्यापूर्वीच्या त्या दोन सेकंदांत ही खोली आठवून पाहावी.